ऊर्फ ब्रँदामूर

१९५१ सालचा ऑगस्ट. सेंत-ओदीलच्या पहिल्या रांगेत, म्हणजे नदीकाठच्या शेतांच्या ओळीत, ज्यांना तो आठवतो, त्यांना तो दोन गोष्टींसाठी आठवतो. एक म्हणजे त्या वर्षी मका असा माजला होता की उंच माणसाची हॅटसुद्धा शेतात दिसत नव्हती. आणि दुसरी, ओनेझिम ब्रँदामूरनं आपली मिशी पणाला लावली होती.

मिशी साधी नव्हती. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ती नांगराच्या मुठींसारखी दोन्हीकडे वर वळलेली असे. जुलैत पाद्रीबाबांनी जाहीर केलं, गावच्या चर्चला अडीचशे वर्षं होताहेत, नदीकाठच्या रस्त्यावर एक दगड बसवू आणि या रांगेत पहिलं झाड पाडणाऱ्या शेतकऱ्याचं नाव त्यावर कोरू. ओनेझिम चर्चच्या पायरीवरच गरजला, "नाव आमचंच लागणार! त्या दगडावर पेलरेंचं नाव चढलं, तर याच पायरीवर मिशी उतरवीन!"

शेजारच्या जमिनीचा मालक, सफाचट चेहऱ्याचा तेओद्यूल पेलरें पाइप झटकत म्हणाला, "वस्तरा मी आणतो. तुझा बोथट असणार."

दोन्ही घरांच्या जमिनी नदीपासून जंगलापर्यंत शेजारी शेजारी पसरलेल्या, लांबच लांब रिबिनींसारख्या. मध्ये एक चर. वसंतात बर्फ वितळलं की चर साफ करावा लागे. पेलरें सोमवारी करत, ब्रँदामूर मंगळवारी. एकमेकांचं तोंड दिसू नये म्हणून. हे कधीपासून, ते कुणालाच माहीत नव्हतं.

पेलरेंकडे कागद होता १६९४ सालचा. ब्रँदामूरांकडचा सगळ्यात जुना १७३१चा. पाद्रीबाबांनी मुदत दिली होती ती ऑगस्टातल्या शेवटच्या शनिवारची. त्या दिवशी ब्रँदामूरांच्या कोठारात मका सोलायला सगळी रांग जमायची होती, तिथेच सहाच्या घंटेला निकाल लागणार होता.

त्या शनिवारी सकाळी ओनेझिमची बहीण एग्झिल्दा स्वयंपाकघरात हॅटला पिन लावत होती. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही. दहा वर्षांपासून ती एकच काम करत होती. चर्चच्या नोंदी, जुने करार, कबरी, जिथे मिळेल तिथे घराण्याचा पहिला माणूस शोधायचा. वंशावळीच्या मोठ्या कागदावर आठ पिढ्या भरल्या होत्या. सगळ्यात वरचा चौकोन रिकामा होता.

"पुन्हा नोटरीकडे?" ओनेझिम वाटाण्याच्या सुपात पाव बुडवत म्हणाला. "त्याच्या माळ्यावरच्या उंदरांना तू नावानिशी ओळखत असशील आता."

"ओळखते. त्यातले दोन तुझ्यासारखे दिसतात, दादा. मिशीवरून."

फेर्नांद खुदकन हसली. ही त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाची मुलगी, बावीस वर्षांची, आणि घरातली ट्रक चालवता येणारी एकमेव बाई. आत्याला ने-आण करायचं काम तिच्याकडे होतं.

"हसू नका," ओनेझिम म्हणाला. "त्या तेओद्यूलचा कागद खोटा आहे, हे मी पाद्रीबाबांना सांगितलंय. त्यात लिहिलंय, चार आर्पां रुंदीची जमीन. चार! त्याच्या जमिनीची रुंदी किती? दोन! लहान पोराला कळतं."

"मग आपली किती आहे?" फेर्नांदनं विचारलं.

"दोनच. आपल्याला मोजायला काय झालं! आपण खोटं बोलत नाही." मग तो बहिणीकडे वळला आणि आवाज एकदम खाली आला. "झिल्दा, रिकाम्या हातानं आलीस तर मी काही बोलणार नाही. पण पेलरेंचं नाव तोंडात घेऊन या घरात येऊ नकोस. बाबांनी जमीन माझ्या नावावर करताना कागदात लिहिलंय ना? बहिणीला वरची खोली, रोज दूध, रविवारी चर्चला गाडीतून नेणे. खोली देईन. दूध देईन. गाडीत मात्र आपण दोघं एकमेकांशी बोलणार नाही. मरेपर्यंत."

ओनेझिमची बायको ब्लांदीन चुलीपाशी होती. ती पन्नास वर्षं नवऱ्याच्याच बाजूने बोलत आली होती. आताही म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे हो, वन्सं. घरचा मान राखायला नको?" पण एग्झिल्दाच्या पिशवीत तिने मॅपलच्या पाकात घोळलेल्या दोन पोळ्या ठेवल्या, त्या मात्र नवऱ्याकडे पाठ करून.

ट्रक नदीकाठानं निघाला. भरती होती, खाऱ्या गवताचा वास येत होता. फेर्नांद बोलत होती, एग्झिल्दाचं लक्ष नव्हतं. ती शाळेत मुलांना शिकवायची तशी बोटांवर मोजत होती.

"दोन," ती एकदम म्हणाली. "आणि दोन."

"काय आत्या?"

"जोरात चालव."

"आत्या, हा ट्रक आहे, विमान नाही!"

"मग त्याला सांग, विमान आहे असं समज म्हणून!"

नोटरी ओर्मिदास ऐंशीचा होता आणि कानानं कमी. त्याच्या घराण्यात पाच पिढ्या नोटरीच झाल्या होत्या. परगण्यातले सगळे जुने करार त्याच्या माळ्यावर घराणेवार गासड्या बांधून पडले होते. एग्झिल्दानं तिथल्या ब्रँदामूरांच्या तीनही गासड्या पाठ केल्या होत्या.

"कुठली देऊ आज?" त्याने विचारलं.

एग्झिल्दाने घसा साफ केला. "पेलरेंची."

"कुणाची?"

"पेलरेंची!" ती इतकी ओरडली की खाली रस्त्यावरचं कुत्रं भुंकलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते नाव एवढ्या मोठ्यानं उच्चारलं होतं.

खरी गोष्ट तिने पुढे कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नाही. दहा वर्षांत पेलरेंची पानं तिच्या हाताखालून शंभरदा गेली होती. चर्चच्या नोंदवहीत नाव दिसलं की ती बोटाला थुंकी लावून पान उलटायची. शत्रूच्या घरात डोकावू नये, तसं. मुलांना चाळीस वर्षं 'नीट वाचा' म्हणून सांगणारी बाई पाव पुस्तक न वाचताच वंशावळ शोधत होती.

गासडीची दोरी सुटली. धुळीनं फेर्नांदला सात शिंका आल्या. सातव्या शिंकेच्या वेळी एग्झिल्दाच्या हातात १६८९ सालचा लग्नाचा करार होता.

ती वाचू लागली. मग थांबली. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"फेर्नांद," ती म्हणाली, "माझे डोळे म्हातारे झालेत. ही ओळ तू वाच."

फेर्नांदने अडखळत वाचलं, "'पिएर पेलरें... ऊर्फ... ब्रँदामूर. पूर्वी महाराजांच्या पलटणीत शिपाई, आता या किनाऱ्यावर शेतकरी.'" तिने वर पाहिलं. "आत्या!"

"पुढे वाच! पुढे!"

"'वधू गिलमेत, लाकूडतोड्याची मुलगी. हुंडा: एक गाय, एक लोखंडी भांडं, दोन चादरी.' आत्या, हा एकच माणूस? पेलरें आणि आपण?"

एग्झिल्दा माळ्यावरच्या पेटीवर बसली आणि हसत सुटली. हसता हसता रडली. पलटणीत प्रत्येक शिपायाला एक ऊर्फ मिळे हे तिला माहीत नव्हतं असं नाही. गावात असली कितीतरी घराणी होती. पण तिचे वडील शपथेवर सांगायचे, आपण जहाजातून उतरलो तेच ब्रँदामूर म्हणून. बापाची शपथ कोण तपासून बघतो?

त्याच्याखालीच १७२३ची वाटणी होती. बाप वारल्यावर दोन मुलांनी चार आर्पांची जमीन निम्मी निम्मी केली. थोरल्या झाकला घर आणि पश्चिमेचा भाग. तो बापाचं पलटणीतलं नाव लावत होता. धाकट्या एतिएनला पूर्वेचा भाग, तो मूळ नाव लावत होता. मध्ये चर. शेवटी अट होती. दोघा भावांनी दर वसंतात चर एकत्र साफ करावा, एकाच दिवशी, बोलत बोलत. खाली लिहिलं होतं, सही येत नाही. म्हणून दोघांनी फुल्या मारल्या होत्या. दोन फुल्या, अगदी चिकटून.

"'बोलत बोलत' असं कायद्याच्या कागदात कोण लिहितं?" फेर्नांद म्हणाली.

"आई," एग्झिल्दा म्हणाली. "गिलमेत तेव्हा जिवंत होती. बघ, 'आईच्या सांगण्यावरून' असं आहे."

आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचे आजोबा चरापलीकडच्या पेलरेंच्या शेताला 'बंधूचं शेत' म्हणायचे. इथल्या भाषेत भावाला आणि मठातल्या साधूला एकच शब्द, बंधू. आजोबा सांगायचे, ते शेत एका मठातल्या बंधूचं होतं, पेलरेंनी गिळलं. तीन पिढ्या घरातले सगळे त्या गरीब साधूच्या नावानं हळहळले होते. साधूबिधू कुणी नव्हताच. ते भावाचं शेत होतं.

साडेतीन वाजले होते. एग्झिल्दा नक्कल उतरवायला बसली. फेर्नांद तिच्या खांद्यावरून बघत होती. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "आत्या, एक शब्द गाळलास तर?"

"कुठला?"

"'पेलरें'. फक्त लिही, 'पिएर, ऊर्फ ब्रँदामूर, १६८९'. त्यांच्या कागदाहून पाच वर्षं जुना. शिवाय थोरला मुलगा आपलाच. खोटं एक अक्षर नाही त्यात. काका आनंदानं नाचतील. तुझी खोली, गाडी, बोलणं, सगळं जागच्या जागी राहील."

नोटरीला कमी ऐकू येत असलं तरी नको तेवढं नेमकं ऐकू यायचं. "उताऱ्यावर शिक्का मारता येतो," तो म्हणाला. "जेवढं लिहाल तेवढ्यावर मी मारीन."

पेन शाईत बुडून तसंच राहिलं. एग्झिल्दाला रविवारची गाडी दिसली. शेजारी भाऊ बसलेला, समोर घोड्याचे कान, आणि अर्धा तास एक शब्द नाही. पुढची किती वर्षं? ओनेझिमनं तिला पोहायला शिकवलं होतं. शाळेच्या पहिल्या पगाराची तिने त्याला हॅट घेतली होती. तोच तिचा सख्खा उरला होता आता.

तिने पेन झटकलं. "दहा वर्षं मी त्याला शोधतेय, फेर्नांद. आता सापडला, तर त्याचं अर्धं नाव कापू? मग त्या दोघा भावांत आणि माझ्यात फरक काय राहिला?"

आणि तिने पूर्ण नाव लिहिलं, ठळक, फळ्यावर लिहायची तसं.

कोठारात मक्याचा ढीग माणसाच्या छातीइतका झाला होता. एका अंगाला ब्रँदामूर आणि त्यांची बाजू घेणारे, दुसऱ्या अंगाला पेलरें आणि त्यांचे. बाहेर मोठ्या कढईत कणसं उकळत होती, लोण्याचा वास सुटला होता. पाद्रीबाबा मधोमध खुर्चीवर बसले होते. तेओद्यूल पेलरेंच्या गुडघ्यावर त्याचा कागद होता आणि खिशात, सगळ्यांना दिसेल असा, वस्तरा.

"काड्या लावणारं घराणं!" तो कणीस सोलत म्हणाला. "ब्रँदामूर म्हणे! म्हणजे प्रेमाची काडी! अडीचशे वर्षांत प्रेम नाही दिसलं, काडी तेवढी दिसली."

"आणि तुम्ही पेलरें, म्हणजे यात्रेकरू," ओनेझिम उलटला. "यात्रेकरू तर यात्रेला जा ना. इथे कशाला मुक्काम ठोकलाय?"

ट्रकचा भोंगा वाजला. फेर्नांदनं गेटपासून जो हात ठेवला तो दारापर्यंत काढलाच नाही. एग्झिल्दा आत आली. हॅट वाकडी, गालावर धूळ, हातात शिक्क्याचा कागद.

ओनेझिम ढिगावरून उडी मारून उठला. "मिळाला? साल कुठलं?"

"१६८९."

कोठार दणाणलं. ब्रँदामूरांनी हॅट उडवल्या. ओनेझिमनं बहिणीला कमरेत धरून उचललं. "पाच वर्षं आधी! तेओद्यूल, तो वस्तरा तुझ्याच गालावर फिरव! वाच झिल्दा, जोरात वाच!"

"खाली ठेव मला, दादा," ती म्हणाली. "वाचून झाल्यावर तू उचलणार नाहीस."

तिने वाचलं. "पिएर पेलरें ऊर्फ ब्रँदामूर."

बाहेर कढईचं झाकण तेवढं खडखडत होतं. तिने न थांबता वाटणी वाचली, दोन आणि दोन आर्पां वाचले, चर वाचला, आईची अट वाचली, दोन फुल्यांपर्यंत.

ओनेझिमचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "तुला तो एक शब्द गाळता आला असता," तो हळू म्हणाला.

"आला असता."

"मी सकाळी काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस. मी ऐकलंही होतं. दादा, दहा वर्षं त्याचा चौकोन रिकामा ठेवला मी. आता भरते आहे. तू बोल किंवा नको बोलूस."

तेओद्यूल स्वतःच्या कागदाकडे बघत होता. छप्पन्न वर्षं तो म्हणत आला होता, ब्रँदामूरांनी आमचे दोन आर्पां चोरले. "चार," तो पुटपुटला. मग वर बघून विचारलं, "ती तुमची चरालगतची पट्टी, जिथे यंदा ओट पेरलेत... आम्ही तिला काय म्हणतो, माहितेय?"

"काय?" एग्झिल्दाने विचारलं.

"बंधूचं शेत. माझी आजी त्या बंधूसाठी मेणबत्ती लावायची, आता मी लावतो. कोण बिचारा साधू होता, ब्रँदामूरांनी लुबाडला म्हणून."

पाद्रीबाबांना ठसका लागला. पण ओनेझिम हलला नाही. पेलरेंही हलले नाहीत. ढिगाच्या दोन्ही अंगांना माणसं हातात अर्धवट सोललेली कणसं घेऊन बसून राहिली. कुणीतरी एक चुकीचा शब्द बोलायचा अवकाश होता.

तेवढ्यात ब्लांदीन म्हणाली, "अगबाई."

तिच्या हातात कणीस होतं, लालभडक. मका सोलताना ज्याला लाल कणीस मिळेल त्याने जमलेल्यांपैकी हव्या त्याला चुंबावं, ही रीत. तरण्याताठ्या पोरापोरींची असते ती. एकाहत्तर वर्षांची, बारा बाळंतपणं झालेली ब्लांदीन कणीस घेऊन उठली. सगळ्यांना वाटलं नवऱ्याकडे जाईल. पन्नास वर्षं ती दुसरीकडे कुठे गेली होती? पण ती ढिगाला वळसा घालून पलीकडे गेली, आणि तिने तेओद्यूल पेलरेंच्या दोन्ही गालांवर ओठ टेकले. मोठा आवाज झाला.

"ब्लांदीन!" ओनेझिम किंचाळला. "माझ्यादेखत!"

"ओरडता काय?" ती म्हणाली. "दीर लागतो माझा."

आधी फेर्नांद हसली. मग एक पेलरें. मग कोठाराचं छप्पर उडेल असं सगळे हसले. दोन्हीकडची म्हातारी माणसं कोण कुणाचा काय लागतो ते बोटांवर मोजू लागली. तेओद्यूलने खिशातून वस्तरा काढला. "चुलतभाऊ, पैज पैज आहे. दगडावर अर्धं नाव आमचं. अर्धी मिशी उतरव."

ओनेझिमनं मिशीची दोन्ही टोकं पिळली. मग म्हणाला, "अर्धी कसली? ब्रँदामूर अर्धंमुर्धं काही करत नाहीत. दगड बसवतील त्या रविवारी ये. आणि धार करून आण."

घंटा वाजली. तो बहिणीपाशी आला. "गाडीत बोलणार नव्हतो मी तुझ्याशी," तो म्हणाला. "पण त्या गिलमेतनं लिहून ठेवलंय ना, बोलत बोलत. आईच्या शब्दापुढे माझा काय?"

दगडाच्या रविवारी तेओद्यूलने चर्चच्या पायरीवर त्याची मिशी उतरवली. साबण पुसला आणि दोघं शेजारी उभे राहिले, तेव्हा पाद्रीबाबांसकट सगळा गाव अवाक् झाला. वरचा ओठ, त्यावरची खाच, हनुवटीचा कोपरा, सगळं एकाच साच्यातून काढलेलं. पन्नास-पंचावन्न वर्षं एवढंसं केसांचं कुंपण मध्ये उभं होतं.

ओनेझिमनं मिशी पुन्हा वाढवली नाही. छप्पन्न साली तो गेला. त्याच्या आधी पाच वसंत चर मंगळवारी साफ झाला, दोन्ही घरांनी मिळून. सोमवार की मंगळवार यावर मात्र दरवर्षी भांडण झालं. तेओद्यूल एकसष्ट सालापर्यंत जगला. आजीच्या बंधूसाठी तो मेणबत्ती लावत राहिला, कारण म्हणे, सवय. ब्लांदीनने ते लाल कणीस वाळवून चुलीवर टांगलं. नवऱ्यानं आवाज चढवला की ती नुसती तिकडे बघायची. फेर्नांदने त्रेपन्न साली पेलरेंच्याच एका मुलाशी लग्न केलं. नावं लिहिताना नोटरी ओर्मिदासने विचारलं, वधूचं माहेरचं नाव काय आणि सासरचं काय? ती म्हणाली, "काही फरक आहे का?" तो म्हातारा त्यानंतर महिन्यात वारला, हसत हसत, असं सांगतात.

एग्झिल्दा एकोणनव्वद वर्षं जगली, वरच्या खोलीत, रोज दूध पिऊन. वरचा चौकोन तिने त्याच शनिवारी रात्री झोपायच्या आधी भरला होता.

आणि दगड अजून आहे. पाथरवटाने आधी मोठी नावं आखली, तेव्हा मधल्या शब्दाला जागाच उरेना. तो ओनेझिमला विचारायला आला, तो छोटा शब्द गाळू का म्हणून. ओनेझिम म्हणाला, "दोन्ही नावं हवी तेवढी बारीक कर. तो शब्द मोठा काढ." आता दगडावर शेवाळ चढलंय. पेलरें वाचता येत नाही, ब्रँदामूर वाचता येत नाही. रस्त्यावरून जाताना एकच शब्द लांबून स्पष्ट दिसतो: ऊर्फ.